तळ्यातले केस

तळ्याची गोष्ट सांगण्याआधी एक विचारतो, तुमचं जेवण झालंय ना? झालं नसेल तर आधी जेवून घ्या. मागाहून घास उतरला नाही तर माझ्या नावाने खडे फोडू नका.

तळं लहान. एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला शिवी दिली तर ती नीट पोचते, आणि उलट टपालाने उत्तरही येतं. काठाशी पाय टाकला की गाळ बोटांच्या फटींतून वर येतो, मऊ, गार, कुणीतरी चावून टाकल्यासारखा. गाळात कुजकी पानं. पानांखाली बेडकांच्या अंड्यांचे बुळबुळीत गोळे. कधी एखादा मेलेला मासा पोट वर करून तरंगतो, डोळा आधीच कुणी खाल्लेला. पलीकडच्या कुरणातल्या गाई पाण्यात गुडघाभर उभ्या राहतात आणि, काय सांगू, पाणी प्यायलाच उभ्या राहतात असं नाही.

अशा पाण्यात आम्ही सहा जण रोज सकाळी पोहायचो. त्यातला एकही आजवर बुडाला नाही, एकालाही साधी खरूज झाली नाही. याचं सगळं श्रेय एका बाईच्या किळसेला.

तिला सगळे शीमावशी म्हणत. तोंडावरसुद्धा. दिवसातून शंभर वेळा ‘शी!’ म्हणणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिचा ‘शी’ नुसता ओठांतून येत नसे. आधी नाक वर जाई, मग हनुवटी मागे सरे, मग डोळे बारीक होत, आणि एवढी तयारी झाल्यावर तो बाहेर पडे. आमचा बेकरीवाला म्हणे, “मावशीचा शी ऐकला की माझा पाव फुगायचा थांबतो.”

गंमत अशी की तिचा जन्म गेला घाणीत. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात. जखमांच्या पट्ट्या, बाळंतिणींच्या चादरी, रक्त, पू, आणखी काय काय. तिथे तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही. बरोबरच्या पोरी तोंड दाबून मोरीकडे पळायच्या, ही हातमोजे चढवून कपडे निवडत बसायची. मला वाटतं, त्या बत्तीस वर्षांतले सगळे ‘शी’ तिने गिळून ठेवले होते. निवृत्त झाली आणि बांध फुटला. शेजाऱ्याचं पायपुसणं, शी. दुकानदाराचं नख, शी. मी चहात बिस्कीट बुडवतो, शी. मी तिला एकदा विचारलं, “मावशी, आरशात बघता तेव्हा काय म्हणता?” तर म्हणाली, “तुम्हाला बघून जे म्हणते त्याच्या निम्मं.”

ती तळ्यावर आली ती हौसेने नव्हे. तिचा उजवा खुबा धरला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “रोज पोहा. नाही पोहलात तर काठी, आणि काठीनंतर खुर्ची. चाकांची.” पोहायचा तलाव शहरात, बसने दीड तास. राहिलं हे तळं. शीमावशी पहिल्या दिवशी काठावर उभी राहिली, पाण्याकडे बघितलं आणि एवढा मोठा ‘शी’ म्हणाली की पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या. पण उतरली. चाकांच्या खुर्चीची तिला तळ्याहून जास्त किळस होती.

उतरली आणि महिनाभरात तळ्याची मालकीण झाली.

आम्ही तोवर वेड्यासारखे पोहायचो. बेकरीवाला भट्टीवरून तापलेला यायचा आणि धपकन उडी मारायचा. मी एकटाच मधोमध जाऊन उताणा पडायचो. शीमावशीने आठ दिवस हे बघितलं आणि नवव्या दिवशी नियम सुरू केले. उडी बंद. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. मानेला आणि तोंडाला पाणी लावायचं आणि श्वास ठिकाणावर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं. “गार पाण्यात उडी मारली की माणूस दचकून श्वास घेतो. तेव्हा नाकासमोर हवा असेल की पाणी, ते काय तुमच्या हातात आहे?” उतरायच्या आधी बाहेर कुठून यायचं ती जागा बघून ठेवायची. मधोमध जायचं नाही, काठाला धरून पोहायचं, पाय टेकतील एवढ्यात. डोक्याला भगभगीत नारिंगी टोपी. कमरेला दोरीने बांधलेला तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट, दमलात तर मिठी मारायला. अंगाला हुडहुडी भरायच्या आत बाहेर. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस पाण्याचं नाव नाही, कारण कुरणातलं सगळं तेव्हा तळ्यात येतं. “गाईंनी केलेलं तुम्हाला प्यायचं असेल तर खुशाल जा. मी बघत बसते.”

आणि पाण्यात थुंकायचं नाही. ही तिची सगळ्यात कडक आज्ञा. तोंडात पाणी गेलं तरी काठावर येऊन, झुडपामागे जाऊन थुंकायचं. बेकरीवाल्याने एकदा पाण्यातच चूळ टाकली, तर तिने त्याला आठवडाभर काठावर बसवला. पन्नाशीचा पुरुष, पण निमूटपणे बसला.

तिच्याकडे इस्पितळातलं एक जुनं एनॅमलचं पांढरं ताट होतं, कडा उडालेल्या. मधोमध भोक पाडून तिने त्यात दोरी ओवली होती आणि दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. खाली दगड बांधलेलं ते ताट रोज सकाळी लाकडी धक्क्यावरून पाण्यात सोडायचं. दोन गाठी बुडाल्या तरी ताट दिसलं तर पोहायचं. त्याआधीच दिसेनासं झालं तर घरी जायचं. “आपला पाय जिथे दिसत नाही तिथे आपण कशावर पाय ठेवतोय, देव जाणे. शी!”

शेवटचा नियम जोडीचा. एकट्याने पाण्यात पाय नाही. आम्ही सहा, म्हणजे तीन जोड्या. मी आणि बेकरीवाला. टपालवाली आणि तिची बहीण. शीमावशी आणि गाणं शिकवणाऱ्या बाई. वीस हात मारले की जोडीदाराला हाक द्यायची, “आहेस का?” आणि त्याने “आहे” म्हणायचं. उत्तर आलं नाही तर वळून बघायचं. पाण्यात माणूस बुडतो तो ओरडून नव्हे, गपचूप बुडतो, असं ती म्हणे.

आता घोळ असा झाला की गाणं शिकवणाऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, कायमच्या. शीमावशीची जोडी तुटली. आणि नियम करणारीच नियमात अडकली. आम्ही म्हटलं, “या आमच्या दोघांत, तिघांची जोडी करू.” तर म्हणाली, “तिघांत प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि बुडणारा बुडतो.” ती रोज यायची, ताट सोडायची, आम्हाला पाण्यात धाडायची आणि टोपी घालून काठावर कोरडी बसायची. चार आठवडे. पाचव्या आठवड्यात काठी घेऊन आली.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी धक्क्यावर तिची धाकटी जाऊ येऊन उभी राहिली. डोक्याला नारिंगी टोपी, कमरेला डबा.

इथे थांबून थोडं घरचं सांगतो, त्याशिवाय मजा कळायची नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या घराच्या एका भिंतीला तर कानच कान होते. दोघी जावा एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात नांदत होत्या. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी शीमावशी स्वयंपाकघरात आली तर धाकटी जेवणाची ताटं पुसत होती. पोतेऱ्याने. म्हणजे फरशी पुसायच्या फडक्याने. निदान शीमावशीने तरी तसं बघितलं. शीमावशी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गवंडी आला. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी राहिली, चुली दोन झाल्या, दारं दोन झाली, आणि बोलणं बंद झालं. धाकटीने कधी खुलासा केला नाही, थोरलीने कधी मागितला नाही. एका पोतेऱ्यापायी अकरा वर्षं! लोकांची घरं जमिनीवरून फुटतात, यांचं फडक्यावरून फुटलं. शीमावशीचे यजमान तेव्हा हयात होते. ते बिचारे भावाशी खिडकीतून बोलत.

आणि किळस म्हणाल तर शीमावशीला जगात सगळ्यात जास्त किळस याच बाईची. ती भाजीच्या वाफ्यातल्या मातीच्या हाताने भाकरी मोडून खाते. तिच्या टाचांच्या भेगांत काळं असतं. ती नाक शिंकरते तेव्हा मुलूख जागा होतो. हे सगळं आम्ही शीमावशीकडूनच ऐकलेलं.

तर ती बाई काठावर उभी. कुणाशी बोलली नाही. शीमावशीने मला फर्मावलं, जाऊ चार हातांवर उभी असताना, “त्या बाईला विचारा, पोहता येतं का?”

मी विचारलं. धाकटीने मान डोलावली.

“त्या बाईला सांगा, अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात यायचं नाही. टाचा दाखव म्हणावं.”

धाकटीने एकेक पाय वर करून टाचा दाखवल्या. घासून घासून लाल केलेल्या, दगडाने चकचकीत. शीमावशीला नाव ठेवायला जागाच सापडेना. तिने नाक उडवलं आणि पाण्याकडे वळली.

अशी ती जोडी जमली. दोघी पाण्यात उतरायच्या, मध्ये एवढं अंतर की गाय आडवी मावावी. वीस हात झाले की शीमावशी हवेला विचारायची, “आहे का?” नाव नाही, गाव नाही. आणि धाकटी तोंड न उघडता तळव्याने पाण्यावर दोन थापा मारायची, थप् थप्. म्हणजे आहे. महिनोन् महिने हे असं चाललं. बेकरीवाला म्हणायचा, “माझ्या बायकोनेही थापा मारूनच उत्तर दिलं तर मी घरी लवकर जाईन.”

काठी सुटली. खुबा मोकळा झाला. शीमावशी धक्क्यावरून पायऱ्या उतरायची ते कठड्याला हात न लावता. आणि अंगात त्राण आलं तसा ‘शी’लाही जोर आला. आता तिचं सगळं लक्ष एका गोष्टीवर आलं. ते गवत.

तळ्याच्या तळाशी लांब, बारीक, हिरव्या दोऱ्यांसारखं गवत वाढायचं, पाण्याखालीच. पोहताना ते पोटऱ्यांना लागे. खरं सांगतो, मलाही आवडत नसे. बुळबुळीत, सावकाश, कुणीतरी ओल्या बोटांनी चाचपतंय असं. शीमावशी त्याला केस म्हणायची. “मोरीच्या जाळीत अडकलेले असतात ना, तसले केस! कुणाचे, कधीचे, काही पत्ता नाही! शी! शी! शी!” रोज सकाळी तीन-चार वेळा ती पाण्यातून उसळायची, आणि धाकटी थांबून, पाण्यावर तरंगत, ते संपेपर्यंत वाट बघायची.

मग उन्हाळा चढायला लागला तशी गंमत झाली. गवत कमी होऊ लागलं. आधी धक्क्याजवळचं गेलं. मग आमच्या पोहायच्या सगळ्या पट्ट्यातलं. महिन्याभरात तळ साफ, हात फिरवल्यासारखा. ताट सोडलं तर तीन गाठींपर्यंत दिसलं. शीमावशीने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड पाण्यात घालून तळ बघितला. बाहेर आली ती लहान मुलीसारखी हसत.

“कुणी केलं हो हे?” तिने सगळ्यांना विचारलं. “ज्याने कुणी केलं त्याचं भलं होवो. मी त्याचे पाय धुऊन पाणी पिईन!”

शीमावशीच्या तोंडी हे वाक्य! टपालवाली खोकायला लागली. खोकला मला ओळखीचा होता. माहिती आत मावत नसली की तिला तो होतो. मी तिला बेकरीमागे गाठलं आणि अर्ध्या तासात काढून घेतलं. ती दुपारच्या फेरीला तळ्यावरून सायकलने जाते. तिने बघितलं होतं, भर उन्हात, सगळं गाव झोपलेलं असताना, धाकटी जाऊ कंबरभर पाण्यात उभी राहून दाताळ्याने गवत ओढत होती. ढीग करून हातगाडीवर घालत होती आणि घरी आपल्या भाजीच्या वाफ्यांवर पसरत होती. एक दिवस नाही, महिनाभर.

मी ही गोष्ट पोटात ठेवली. मी! लोकांना खोटं वाटेल, पण ठेवली. म्हटलं, योग्य वेळी काढू, पिकू द्या.

पण आधी पिकलं ते तळं.

तीन आठवडे कडक ऊन, वारा नाही. एका सकाळी शीमावशीने ताट सोडलं आणि पहिली गाठ बुडायच्या आत ते नाहीसं झालं. पाणी हिरवं. शेवाळाचा हिरवा नव्हे, रंगाच्या डब्यातला. काठाशी त्यावर साय धरलेली, निळसर झाक असलेली, आणि वास असा की डुकराच्या खुराड्यात कुणी ओलं गवत कुजत ठेवलंय. तिने आपली जुनी काठी आणून पाण्यात बुडवली, फिरवली आणि वर काढली.

“काठीला धागे लागून आले असते तर साधं शेवाळ,” ती म्हणाली. “घाण, पण गरीब. हे बघा.” काठी हिरव्या रंगात बुचकळल्यासारखी झाली होती, थेंब ओघळत होते. “पाण्यात कुणी बोटसुद्धा घालायचं नाही. हे विषारी असतं.”

आणि हे सगळं सांगताना ती एकदाही ‘शी’ म्हणाली नाही. माझ्या अंगावर काटा आला तो त्याने.

बेकरीवाल्याला मात्र नाही आला. “मावशीला काय, चहातलं बिस्कीटसुद्धा विषारी दिसतं,” असं म्हणतोय तोवर त्याचा कुत्रा काठाशी जाऊन चार घोट पिऊन आला. तासाभरात कुत्र्याच्या तोंडाला फेस, पाय लटलटा. गुरांच्या डॉक्टरांनी वाचवला, पण त्याने बेकरीवाल्याच्या गाडीच्या सीटवर जे काही ओकून ठेवलं त्याचा रंग अजून गेलेला नाही. तेव्हापासून बेकरीवाला मावशीसमोर टोपी काढून बोलतो.

पाणी तपासणाऱ्या कार्यालयातून एक बाई आली. उंच गमबूट, खांद्याला बाटल्यांची पेटी. तिने बाटल्या भरल्या, पोहण्यास मनाई असा फलक ठोकला, आणि धक्क्यावरून तळाकडे वाकून बराच वेळ बघत राहिली.

“इथे गवत होतं ना? पाण्याखालचं?”

“होतं!” शीमावशी म्हणाली. “कुणा देवमाणसाने काढून टाकलं.”

“म्हणूनच झालं हे,” बाई म्हणाली. “कुरणातून खत येतं, ते आधी गवत खात होतं. गाळही तेच धरून ठेवत होतं. गवत गेलं, आता सगळा घास या हिरव्याला. कुणी काढलं?”

मी तोंड उघडायला आणि पुढची गोष्ट व्हायला एकच गाठ पडली. एवढी पोटात पिकवलेली बातमी, आणि माझ्या आधी दुसऱ्याच कुणीतरी बोललं.

“मी,” धाकटी जाऊ म्हणाली.

अकरा वर्षांत शीमावशीच्या कानावर तिचा आवाज थेट असा पहिल्यांदाच पडला. तो थोडा घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा.

शीमावशीने तिच्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग मला म्हणाली, “त्या बाईला विचारा, कशाला?”

“रोज किंचाळायच्या,” धाकटी तपासनीसबाईला म्हणाली. “पाण्यात माणूस दचकला की पाणी पितो. मला काय, दोन थापा मारायच्या. पण त्या बुडाल्या असत्या तर मला कोण विचारणार होतं, आहे का म्हणून?”

बेकरीवाल्याला राहवेना. “मावशी,” तो हळूच म्हणाला, “पाय धुऊन पाणी पिणार होता ना?”

“तू गप रे, कुत्रा सांभाळ!” शीमावशी एवढं म्हणाली आणि निघून गेली.

तो उन्हाळा वाईट गेला. हिरवं हटेना. मेलेले मासे काठाला लागले, फुगले, फुटले. घाणीचा वास वाऱ्यावर बेकरीपर्यंत. लोक म्हणाले, पावाला तळ्याची चव येते. आणि शीमावशीचा खुबा पुन्हा धरला. काठी आली. थंडी लागेपर्यंत दुसऱ्या हातातही काठी आली. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीची चिठ्ठी लिहून दिली. शीमावशीने ती घडी करून एनॅमलच्या ताटाखाली ठेवली.

थंडीने हिरवं बसलं. तपासनीसबाई पुन्हा आली, बाटल्या भरून नेल्या, आठ दिवसांनी फोन केला. विष गेलं. पण गवत पुन्हा लावलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात हेच. आणि गवत इथलंच हवं, बाहेरचं आणायचं नाही, दुसरीच पीडा यायची.

मधोमधलं उरलंसुरलंही हिरव्याखाली कुजून गेलं, आता इथलं कुठे उरलं होतं? एकच जागा. धाकटीच्या परसात वाफ्यांना पाणी द्यायचा हौद होता. गाडी रिकामी करताना चार जुड्या त्यात पडल्या होत्या, आणि त्या वाढून हौद भरला होता.

तर एका दुपारी शीमावशी, दोन्ही काठ्या टेकत, आपल्या दारातून निघाली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडच्या दारात उभी राहिली. मी सोबत होतो. निरोप्या म्हणून. पण माझी गरज लागली नाही.

परसात जायची वाट स्वयंपाकघरातून. शीमावशीने चहूकडे नजर फिरवली. भांडी पालथी, ओटा कोरडा, खिळ्याला एक पांढरं फडकं. ती फडक्यापाशी थांबली.

“ते पोतेरं नव्हतं,” धाकटी पाठमोरीच म्हणाली. “तेव्हाचं. तुमच्या दिरांचा बनियन होता. फाडून, उकळून घेतलेला.”

शीमावशीच्या नाकाने वरची वाट धरली. हनुवटी मागे सरली.

“बनियन? त्यांचा बनियन? ताटांना? शी! अगं, त्यापेक्षा पोतेरं बरं!”

“म्हणूनच सांगितलं नव्हतं, जाऊबाई.”

मी अकरा वर्षं या घराच्या बातम्या वाहिल्या, पण असं काही वाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. दोघी हसल्या असं मात्र समजू नका. शीमावशी खरोखरच हिरवी पडली होती. हौदापाशी पोचेपर्यंत ती दोनदा थांबली.

गवत हौदातून काढायचं, मूठमूठ जुडी करायची, सुताने दगडाला बांधायची आणि तळ्यात कंबरभर पाण्यात नेऊन सोडायची. शीमावशीने इस्पितळातले रबरी हातमोजे चढवले. पण ओल्या सुताची गाठ हातमोज्यांनी बसेना. एक सुटली, दुसरी सुटली. धाकटी उघड्या हातांनी पाचवी जुडी बांधत होती. शीमावशीने तिच्या बोटांकडे बघितलं, मग आपल्या काठ्यांकडे. हातमोजे काढले, डोळे मिटले आणि मूठ हौदात घातली.

तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. गवतात गोगलगाई होत्या. एक चपटी जळूही होती, तिच्या करंगळीला चिकटलेली.

पण जुडी बांधली. इस्पितळी गाठ, करकचून. “बत्तीस वर्षं गाठोडी बांधलीत,” ती दात आवळून म्हणाली, “तुझ्या गाठी बघ, उद्या तरंगत येतील. शी! सोड त्या, मी बांधते.” आणि दर जुडीला एक ‘शी’. मी मोजले नाहीत, पण परसातले पक्षी उडून गेले ते परतले नाहीत. धाकटी जुड्या गाडीवर घालून तळ्यात सोडायची, थोरली बांधायची. थंडीभर हे चाललं. मी एकदा सहज विचारलं, धाकटी तळ्यावर मुळात आलीच का होती म्हणून. “भिंतीपलीकडे काठी वाजायची,” ती म्हणाली. “ठक ठक, ठक ठक. माझी झोप जायची.” मग गाडी उचलत, “आता दोन वाजतात.”

ऊन पुन्हा चढलं. ताट पहिल्या गाठीला दिसलं. मग दीड. तीन आठवडे वारा पडला तेव्हा आम्ही सगळे रोज सकाळी धक्क्यावर श्वास धरून उभे. हिरवं आलं नाही. खाली केस मात्र आले, लांब, दाट, सावकाश हलणारे. एका सकाळी दोन गाठी बुडाल्या आणि ताट दिसत राहिलं. तपासनीसबाईने फलक काढून नेला.

शीमावशीने काठ्या धक्क्यावर आडव्या ठेवल्या. घोटे, गुडघे, कंबर. मान भिजवली, श्वास ठिकाणावर येऊ दिला. शेजारी जाऊ, आता गायीएवढं अंतर नाही, फार तर वासराएवढं. दोघी निघाल्या. आठ-दहा हात झाले असतील, केस शीमावशीच्या पोटऱ्यांना लागले, ती उसळली, किंचाळायला तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच जावेच्या पायांनी उडवलेला पाण्याचा लोट सगळाच्या सगळा तिच्या तोंडात गेला.

तिने तोंड मिटलं. दोन्ही गाल टम्म. डोळे बाहेर. थुंकायचं नाही, नियम तिचाच. काठ वीस हात लांब, झुडूप त्याच्याही पलीकडे. ती तशीच फुगलेल्या गालांनी काठाकडे वळली, आणि मागून आवाज आला, थापा नव्हेत, आवाज:

“जाऊबाई! आहात का?”

आता उत्तर द्यायलाच हवं. नाही दिलं तर ती घाबरून वळणार, नियम तोही हिचाच. शीमावशीने आभाळाकडे बघितलं. गळा एकदा वर-खाली झाला.

“आहे!” ती ओरडली. “आहे गं! शी!”

बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पाय धुऊन पाणी प्यायची ती बोली सगळ्यांनाच आठवत होती. पुढे दोन दिवस शीमावशी ताप मोजत आणि पोट चाचपत घरी बसली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती आली ती एकच काठी घेऊन, आणि धक्क्यावर पाय ठेवताच जावेला म्हणाली, “आज तू पुढे पोहायचं नाहीस. शेजारी पोहायचंस. आणि त्या टाचा पुन्हा दाखव बघू.”